लोखंडाचं वावडं? आपल्या ड्रुइडला नाही!

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' माहितीये ना? फासे टाका, पात्र बना, गोष्ट पुढे न्या. १९७४ मध्ये अमेरिकेत आलेल्या या खेळातला ड्रुइड म्हणजे जंगलाचा राखणदार, जादू जाणणारा. पण २०१४च्या नियमांत तो धातूचं चिलखत किंवा ढाल वापरत नाही. २०२४च्या पुस्तकात ही अट गेली, तरी अनेक ग्रुप्समध्ये 'निसर्गवाला आणि धातू? छे!' हे चालूच.

मी पडले पातूरची. आमची लेणी कोरलीत ती बेसाल्टमध्ये, आणि बेसाल्टमध्ये लोह असतंच. मग लोखंड निसर्गाबाहेरचं कसं?

गंमत बघा, ड्रुइडच्या उपप्रकाराला खेळात 'सर्कल' म्हणतात. विदर्भात तर खरीखुरी शिळावर्तुळं आहेत! नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली दफनं दगडांच्या वर्तुळात आहेत. नायकुंडच्या उत्खननात लोखंड बनवायची भट्टीही सापडली. एवढा रेडीमेड मसाला असताना युरोपातलं ओकचं जंगल कशाला उसनं घ्यायचं?

म्हणून माझा फंडा, 'लोहवर्तुळ'. चिलखत चालेल. धातू तापवणारा 'हीट मेटल' मंत्र ड्रुइडकडे आधीपासून आहेच, त्याला जोड म्हणून शत्रूच्या तलवारीवर गंज चढवता येईल. मात्र फुकट नाही. खाण खोदली की जंगल जातं, आणि विळा हवा तर लोखंड लागतंच. म्हणून शक्ती वापरली की ड्रुइडने जमिनीला काहीतरी परत द्यायचं: झाड, पाणी, नाहीतर स्वतःचंच शस्त्र.

ही अट काढलीत, तर उरतो फक्त चिलखतातला आणखी एक हिरो. ते तर आधीच ढीगभर आहेत. वीकेंडला ट्राय करा, पण खेळ चालवणाऱ्याला आधी विचारून!