गोळीला खाडा नको

उत्तन मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत येतं. तरी तिथल्या कोळीवाड्यातून मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं तर सगळा दिवस मोडतो. बसने भाईंदर स्टेशन, लोकलने प्रभादेवी, तिथून परळचं केईएम रुग्णालय. बोटीवर खलाशी असलेल्या माझ्या भाच्याला फिट येऊ लागल्या, तेव्हापासून या वाटेने मी त्याच्यासोबत जातो.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी त्याला थोडंच विचारलं. फिट आलेल्याला स्वतःला बहुतेक वेळा काही आठवत नाही; जे घडलं ते पाहणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून प्रश्न सुरू झाले ते सोबत आलेल्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला. मान कुठल्या बाजूला वळली? झटके आधी एका हाताला आले की सगळ्या अंगाला एकदम? किती वेळ चालले? नंतर माणसं ओळखायला किती वेळ लागला?

“फेस आला म्हणून आम्ही कांदा हुंगवला,” तांडेल म्हणाला.

“कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा तर मुळीच घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर थेट हॉस्पिटल गाठा,” डॉक्टर म्हणाले.

ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीसाठी, डोक्याला तेल न लावता आणि रात्री जागून यायला सांगितलं होतं. तंत्रज्ञ बाईंनी टेपने डोकं मोजलं, खुणा केल्या, केस बाजूला सारून चिकट पेस्टने वीसेक तारा चिकटवल्या. डोळे मीट, उघड. तीन मिनिटं खोल श्वास घे. मग डोळ्यांपुढे लुकलुकणारा दिवा. पडद्यावर रेघा धावत होत्या. जागरणाने मेंदूतली गडबड उघडी पडण्याची शक्यता वाढते, म्हणून ते मुद्दाम करवतात. बोटीवर तेच जागरण त्याच्या वाट्याला रोज येत होतं. डॉक्टरांनी समुद्र बंद केला. आता तो किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करतो, बोंबील वाळत घालतो.

गोळी सुरू झाली, फिट थांबल्या. पण ऐन हंगामात गोळ्या संपल्या, परळला जायला घरात कुणालाच सवड झाली नाही, काही दिवसांचा खाडा पडला आणि पुन्हा फिट आली. समुद्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा तपासण्या उरकता येतात. गोळी मात्र बारा महिने लागते. फिट पूर्ण थांबून निदान दोन वर्षं गेल्याशिवाय डॉक्टर ती कमी करण्याचा विचारही सहसा करत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार, म्हणजे हा फिट येण्याचा आजार, आहे. नीट निदान आणि उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या फिट थांबू शकतात. त्यावरचं फिनोबार्बिटोन हे औषध 1912 पासून वापरात आहे आणि आजही स्वस्त आहे. डॉ. निर्मल सूर्या यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शिबिरं भरवून तज्ज्ञ डॉक्टर गावाजवळ नेले. मोठंच काम ते. पण शिबिर उठल्यावर पुढच्या महिन्याच्या गोळीचं काय, हा प्रश्न उत्तनला पडतो तसाच जव्हार-मोखाड्यालाही.

निदानासाठी लांब जावं लागलं तर माणूस जाईल. चिठ्ठीवरची गोळी मात्र घराजवळच्या दवाखान्यात, दर महिन्याला, न चुकता मिळायला हवी. रुग्ण ठरल्या तारखेला आला नाही तर आशाताईंनी त्याच्या घरी चौकशी करावी, आणि औषधात बदल हवा असेल तर तिथल्याच डॉक्टरांनी तज्ज्ञांना फोन लावावा. एवढं झालं तरी कितीतरी फिट येणारच नाहीत.