टाळेबंदींतील भरती-ओहोटी

सन २०२० सालीं चैत्र शुद्ध प्रतिपदा २५ मार्च रोजीं आली, आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. गुढ्या उभारल्या गेल्या, पण त्या पाहण्यास रस्त्यावर माणूस नव्हता. भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारी वाहून आणणारी नवी रो-रो बोट अवघ्या दहा दिवसांपूर्वीं सुरू झालेली, तीही थांबली. मुंबईस राहिलेल्या मुलांचा आवाज तेवढा आमच्या किनाऱ्यावरील घरांत दूरध्वनीवरून येत असे.

श्रोतेहो, घरांत कोंडलेल्या लहानांस रमवावें कसें, हा प्रश्न त्या दिवसांत पुष्कळांना पडला. मास्तराच्या घरीं तो पडत नसावा अशी लोकांची समजूत असते. तींत फारसें तथ्य नाहीं. चारच दिवसांत नातवंडें माझ्या पाढ्यांस कंटाळलीं. तेव्हां मीं शाळांतून केव्हांच हद्दपार झालेली पाऊणकी बाहेर काढली आणि सोबत भिंतीवरचें नवें पंचांग घेतलें.

आमच्याकडील दर्यावर्दी माणसें भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजतां भरती पूर्ण होते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. १ एप्रिलला अष्टमी होती. सायंकाळीं सहाच्या सुमारास वाडीच्या बांधावरून मुलांनीं पाणी पाहिलें, आणि पाऊणकी त्यांना एकाएकीं आवडूं लागली!

यांतील मर्म असें. समुद्रास मुख्यतः चंद्र ओढतो. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते तोंवर चंद्रही थोडा पुढें सरकलेला असतो. म्हणून तो रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां माथ्यावर येतो, आणि भरतीही तितकीच मागें पडते. तिथीमागें पाऊण तास हें त्याचेंच सोपें रूप. हिशेब ढोबळ आहे. छापील कोष्टकाशीं कधीं अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो. शिवाय तो याच किनाऱ्याचा आहे; कलकत्त्यास चालणार नाहीं. दिवसांतून भरत्या दोन, सव्वाबारा-साडेबारा तासांच्या अंतरानें. अमावास्या-पौर्णिमेस सूर्य आणि चंद्र एकाच रेषेंत ओढतात, तेव्हां उधाण येतें. अष्टमीच्या आसपास ते काटकोनांत ओढतात, तेव्हां पाण्याची चढउतार थोडी. तिला आमच्याकडे भांग म्हणतात.

हा खेळ मे महिनाभर चालला. मग अरबी समुद्रांत 'निसर्ग' चक्रीवादळ उठल्याची वार्ता आली. ३ जून रोजीं तें किनाऱ्यास लागणार होतें. सखल वस्तींतील लोकांना पक्क्या इमारतींत हलविण्यांत आलें. एरवीं अशा वेळीं माणसें एकमेकांस बिलगून बसतात. येथें तर तोंडास फडकें बांधून अंतर राखावयाचें होतें. वाऱ्यास भ्यावें कीं शेजारच्याच्या खोकल्यास, हें कळेनासें झालें होतें.

त्या दिवशीं सकाळीं नऊच्या सुमारास द्वादशी संपून त्रयोदशी लागली. नातीनें न विचारतां सांगितलें, "आजोबा, तेरा पाऊणे पावणेदहा." पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाण जवळ आलेलें. वादळ दुपारीं साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून आंत शिरलें. त्या वेळीं पाणी ओसरत होतें. वादळाचा वारा समुद्र किनाऱ्याकडे लोटतो. हा फुगवटा भरतीवर चढला तर खारें पाणी वाड्यांत व विहिरींत शिरतें आणि अशा वाडीस सावरावयास फार काळ लागतो. सकाळीं दहाच्या किंवा रात्रीं दहाच्या भरतीवर तें वादळ आलें असतें, तर समुद्र बराच उंच चढला असता.

वाऱ्यानें मात्र सोडलें नाहीं. ताशीं शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या त्या वाऱ्यानें श्रीवर्धनकडील पोफळी आणि नारळ आडवे केले. पोफळीचें रोप लावल्यावर सुपारी हातीं येण्यास पांच-सात वर्षें लागतात. आमच्या वाडींत पडलेल्या झाडांची मोजदाद मुलांनींच केली. पुढें कित्येक दिवस वीज नव्हती, दूरध्वनी मुका होता, आणि मुंबईच्या मुलास आम्ही सुखरूप आहों हें कळविण्यास कोणताच मार्ग नव्हता.