बिल वाचणे हीही शुश्रूषाच

मंडईत भाजी घेताना आपण जुडी उलटसुलट करून पाहतो, भाव विचारतो आणि न पटल्यास पुढच्या गाळ्याकडे वळतो. आजारपणात यांपैकी काहीच शक्य नसते. औषध कोणते घ्यायचे हे डॉक्टर ठरवतो, ते कोणत्या कंपनीचे घ्यायचे हेही बहुधा तोच ठरवतो. पैसे मात्र रुग्ण मोजतो. घासाघीस करण्याचे त्राण नसलेल्या माणसाच्या बाजूने कायद्याला उभे राहावे लागते, ते यासाठीच. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक ज्येष्ठांना आपले पथ्य तोंडपाठ असते, पण आपले हक्क ठाऊक नसतात. म्हणून हा लेख.

प्रथम रोजच्या गोळ्यांविषयी. आपल्या देशात औषधे ही १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याच्या कक्षेत येतात. त्याच कायद्याखाली २०१३ साली औषध किंमत नियंत्रण आदेश निघाला. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण, म्हणजे ‘एनपीपीए’, ठरवून देते. रक्तदाबासाठीची अ‍ॅम्लोडिपिन, मधुमेहावरील मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलसाठीची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ही आपल्या डब्यातली नेहमीची औषधे त्या यादीत आहेत. यादीबाहेरच्या औषधाची छापील किंमत कंपनीला बारा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. मात्र ते बाजारात येतानाची किंमत बहुधा कंपनीच ठरवते. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्यांच्या दरांत मोठी तफावत दिसते, तिचे एक कारण हे आहे.

याच आदेशातील दोन तरतुदी ज्येष्ठांच्या विशेष उपयोगाच्या आहेत. दुकानदाराने पट्टी कापून चार गोळ्या दिल्या, तर त्यांची किंमत पूर्ण पट्टीच्या दराच्या प्रमाणातच घ्यावी लागते. तसेच पुरेशा कारणाविना औषध विकण्यास नकार देता येत नाही. छापील किमतीहून अधिक दर लावल्यास ‘एनपीपीए’च्या १८०० १११ २५५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते. ‘फार्मा सही दाम’ या मोबाइल अ‍ॅपवर औषधांच्या किमती पाहता येतात; घरातील नातवंडांना हे काम अवश्य सांगावे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. किंमत जास्त वाटली म्हणून गोळी परस्पर बंद करू नये किंवा निम्मी करून घेऊ नये. त्यापेक्षा डॉक्टरांना सरळ विचारावे, “याच औषधाची स्वस्त गोळी किंवा जनऔषधी केंद्रातली गोळी मला चालेल का?” या प्रश्नाने कोणत्याही डॉक्टरचा अपमान होत नाही.

आता रुग्णालयाच्या बिलाकडे वळू. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवण्याच्या स्टेंटवर आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यावर किमतीची मर्यादा आली. औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरली. परंतु बिल केवळ मोठ्या वस्तूंनी फुगत नाही. २०१८ साली ‘एनपीपीए’ने दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांच्या बिलांची छाननी केली, तेव्हा काही वस्तूंवरील नफा १७०० टक्क्यांहून अधिक आढळला. सुया, सिरिंजा, सलाईनच्या नळ्या अशा किरकोळ भासणाऱ्या नोंदींकडे म्हणूनच लक्ष द्यावे लागते.

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. त्या कायद्याच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे. दाखल होतानाच ते दरपत्रक वाचावे आणि अंदाजे खर्च लेखी मागावा. तातडीचा प्रसंग असेल तर मात्र आधी उपचार, मग हिशेब. छातीत कळ आलेल्या माणसाला दारात ठेवून दर विचारत बसू नये.

माझ्या एका रुग्ण आजींच्या खुब्याचे हाड मोडले, तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी साध्या वहीत दोन रकाने आखले होते: मागवलेली औषधे आणि परत केलेली औषधे. घरी जाण्याच्या दिवशी परत केलेल्या इंजेक्शनांचे पैसे बिलातून वजा झालेले नव्हते. त्यांनी आवाज न चढवता वही पुढे केली आणि बिल दुरुस्त होऊन आले. भांडणाने जे साधत नाही, ते नोंदीने साधते.

उपचारांची कागदपत्रे मागणे हाही आपला हक्क आहे. वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात आणि दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात. अर्ज लेखी द्यावा व पोच घ्यावी.

एवढे करूनही दाद मिळाली नाही तर? वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे. सर्वांनाच पूर्णतः मोफत दिलेली सेवा त्यास अपवाद. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने रुग्णाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय दिली. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात तक्रारीचे शुल्क लागत नाही. मुदत साधारणतः दोन वर्षांची आहे. मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

येथे वैद्यक म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. उपचारांना यश न येणे म्हणजे सेवेतील त्रुटी नव्हे. वृद्ध देहाला मर्यादा असतात आणि उत्तम डॉक्टरही काही वेळा हरतो. परंतु माहिती दडवणे, न वापरलेल्या वस्तूचे पैसे लावणे, कागदपत्रे अडवणे यांचा आजाराच्या गुंतागुंतीशी काही संबंध नाही. त्याविषयी विचारणे हा कृतघ्नपणा नसतो.

पुष्कळ घरांत आईवडील म्हणतात, “जाऊ दे, उगाच वाद नको.” त्यांच्या या भिडेची किंमत त्यांच्याच पेन्शनमधून जाते. तेव्हा त्यांची काळजी घेणाऱ्यांनी औषधांच्या डब्याशेजारी एक वही आणि बिलांचे एक पाकीट ठेवावे. या महिन्याची औषधे आणताना पक्के बिल मागून घ्यावे, बिलावरची नोंद पट्टीवरच्या नावाशी व किमतीशी ताडून पाहावी आणि मगच ते पाकिटात ठेवावे. या कामाला पाच मिनिटे पुरतात.