आकडा पाहून घ्या

मुलांनो, पेरणीच्या दिवसांत परभणीच्या बाजारात बियाण्याच्या दुकानासमोर जरा थांबा. शेतकरी नुसते "सोयाबीन द्या" असे म्हणत नाही. तो विचारतो, "एकाहत्तर आहे का? एकशे बासष्ट आहे का?" परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या सोयाबीनच्या वाणांना एमएयूएस ७१, १५८, १६२, ६१२ असे क्रमांक आहेत. पीक एकच, पण क्रमांक बदलला, की वाण बदलला.

संगणकाच्या सॉफ्टवेअरचेही असेच असते. त्यात सुधारणा झाली, की नवी आवृत्ती निघते आणि तिला नवा आकडा मिळतो. संगणकांची जाळी एकमेकांना जोडणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात. सिस्को कंपनीच्या राउटरला 'शो व्हर्जन' अशी आज्ञा दिली, की पडद्यावर हा आकडा दिसतो. समजा, तो १५.२(४)एम३ असा आहे. यातला १५ हा मुख्य क्रमांक आणि २ हा पोटक्रमांक. कंसातला ४ नव्या सोयींची भर दाखवतो. 'एम' म्हणजे या आवृत्तीची दुरुस्ती दीर्घकाळ चालू राहील. शेवटचा ३ म्हणजे तिसरी दुरुस्ती. गंमत अशी, की १२ नंतर कंपनीने १३ आणि १४ हे आकडे वापरलेच नाहीत. एकदम १५ आला!

इथे पुष्कळांची एक चूक होते. मधले टिंब हे दशांशचिन्ह नव्हे. गणितात १६.९ ही संख्या १६.१२ पेक्षा मोठी आहे. पण आवृत्तीत १६.१२ ही नंतरची, कारण नवानंतर बारा येतो.

परीक्षेलाही आवृत्ती असते. तुमचे भाईजान सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेचा अभ्यास करत असतील, तर त्यांच्या पुस्तकावरचा क्रमांक पाहा. २००-१२५ असेल, तर ती परीक्षा फेब्रुवारी २०२० मध्येच बंद झाली. तिच्या जागी २००-३०१ आली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिचीही १.१ ही आवृत्ती निघाली. तिच्यातून पपेट आणि शेफ ही साधने गेली, टेराफॉर्म आले. जुने पुस्तक स्वस्तात मिळते खरे. पण २०२० साली या परीक्षेची फी ३०० डॉलर, म्हणजे वीस हजारांहून अधिक रुपये होती. नापास झाले, तर ती पुन्हा भरावी लागते.

तरी जुने पुस्तक रद्दीत देऊ नका. आयपी पत्त्यांचे गणित बदललेले नाही. तेवढे प्रकरण त्यातून खुशाल करावे.