पॅकर्सचे प्रतिष्ठान : थोडक्यात

संघ : ग्रीन बे पॅकर्स, विस्कॉन्सिन, अमेरिका. स्थापना 1919. खेळ अमेरिकी फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घालून लांबट चेंडूने खेळतात तो. शहराची वस्ती जेमतेम लाखाच्या घरात. सुरुवातीला गणवेशाचा खर्च मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीने उचलला. ‘पॅकर्स’ हे नाव त्यावरूनच पडले.

मालक : 1923 पासून सामान्य भागधारक. आज पाच लाखांहून अधिक. लाभांश नाही, शेअर बाजारात नोंद नाही. एका शेअरची किंमत 1997 मध्ये 200 डॉलर, 2021 मध्ये 300 डॉलर.

प्रतिष्ठान : ग्रीन बे पॅकर्स फाउंडेशन, 1986. विस्कॉन्सिनमधील सेवाभावी संस्थांना अनुदान. शिक्षण, आरोग्य, भूकनिवारण, पर्यावरण अशी क्षेत्रे.

गल्लत नको : शेअर घेणे म्हणजे देणगी नव्हे, त्यावर करसवलत मिळत नाही. 1997 नंतरच्या शेअरविक्रीचा पैसा लॅम्बो फील्ड या मैदानाच्या कामांसाठी. अनुदान देते ते प्रतिष्ठान.

मैदानावर : सामन्याच्या दिवशी खाद्यपदार्थांच्या अनेक खिडक्यांवर स्थानिक संस्थांचे स्वयंसेवक. मोबदला त्यांच्या संस्थेला.

संघ विकला तर : सर्वांत विलक्षण तरतूद हीच. देणी भागवून उरलेली रक्कम भागधारकांच्या खिशात जात नाही. मूळ नियमाप्रमाणे ती माजी सैनिकांच्या स्थानिक शाखेला, सैनिकांच्या स्मारकासाठी जायची होती. 1997 मध्ये भागधारकांनी मतदानाने हा नियम बदलला. आता ती प्रतिष्ठानाकडे जाईल.