दुर्बीण घेण्याआधी

बीडच्या नवख्या नेमबाजाने .22 बोल्ट-ॲक्शन रायफलीवर दुर्बीण चढवण्याआधी स्पर्धेचे नियम बघावेत. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी ज्या 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये ऑलिंपिक कांस्य जिंकले, त्यात रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. बारीक छिद्रातून बघून 10.4 मिमीचा दहाचा गोल टिपायचा! सरावाला हवीच असेल, तर 3-9×40 पुरे. जास्त पटींच्या नादी लागू नका. श्वासाचा हेलकावाही तेवढाच मोठा दिसतो. खरे पाहायचे ते पॅरॅलॅक्स. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा 100 यार्डांवर जुळवलेल्या असतात; .22 ला 50 च्या आसपासची घ्या. नाहीतर डोळा जरा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकते. आणि वापर फक्त रेंजवर: वन्यप्राण्यांच्या शिकारीला 1972 च्या कायद्याने बंदी आहे.