सख्खे भाऊ, वेगळे दूध

महायुद्धानंतर, १९२० च्या त्रियानों तहाने हंगेरीचा दोन-तृतीयांश प्रदेश गेला. तेथील बहुतेकांना तो परत हवा होता. लास्लो नेमेत या लेखकाने मात्र १९३२ मध्ये डॅन्यूबकाठच्या शेजारी लोकांना दूधभाऊ म्हटले. रक्त वेगळे, भाषा वेगळ्या, पण एकाच इतिहासाच्या अंगावर वाढलेले. म्हणून आधी एकमेकांना ओळखा, हा त्याचा आग्रह.

आपल्याकडे त्याच काळात प्रश्न नेमका उलटा होता. मराठी माणसे सख्खी, पण दूध वेगवेगळे प्यायलेली. पुणे मुंबई इलाख्यात, मराठवाडा निजामाकडे, आणि भंडारा, नागपूर, वर्धा, चांदा हे जिल्हे मध्यप्रांतात. वऱ्हाडचा कारभारही १९०३ पासून त्यालाच जोडलेला. आमच्या वरठीहून रेल्वेने पूर्वेला निघाले की गोंदियानंतर छत्तीसगढी कानी पडते. त्या काळी रायपूर, जबलपूर आणि आम्ही एकाच प्रांतात होतो. वऱ्हाडच्या कापसाचा पैसा हिंदी जिल्ह्यांवर खर्च होतो, ही तक्रार जुनीच. अखेर १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने वेगळ्या महाविदर्भाचा ठराव संमत केला. ठराव रामराव देशमुखांचा.

म्हणजे हिंदी भागापासून सुटायचे, इथवर एकमत. पण सुटून जायचे कुठे?

इथे साहित्यिक पुढे आले. नागपुरात 'तरुण भारत' चालवणारे कादंबरीकार ग. त्र्यं. माडखोलकर १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला जोर दिला. भाषा एक म्हणून राज्य एक, हा विचार सरळ होता. मला तो थोडा अति सरळ वाटतो. भाषा एक असली तरी तिजोरीचे काय, हे त्यात सुटत नव्हते.

८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारात त्यावर तोडगा दिसतो: प्रांत एक, पण पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत, दोघांना वेगळे विधिमंडळ आणि वेगळे मंत्रिमंडळ. एका वाड्यात दोन चुली. शिवाय हे न जमल्यास महाविदर्भाचा वेगळा प्रांत, ही वाटही मोकळी ठेवलेली. आपल्या राजकारणात इतका प्रांजळ कागद क्वचितच झाला असेल.

तो अमलात आला नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात उपप्रांत गेले. लोकसंख्येप्रमाणे नोकऱ्या, विकासखर्चात वाटा अशी आश्वासने आली. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले, तेही झाले नाही. दोन विधिमंडळांच्या जागी नागपूरला एकाच विधिमंडळाचे वर्षाकाठी एक अधिवेशन मिळाले.